मम्मी, तुमचा भाग मी म्हटला

प्रिय मम्मी,

काल संध्याकाळच्या प्रार्थनेत तुमचा भाग मी म्हटला. मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि तुम्हाला विचारायची सोय आता राहिली नाही. बाप्तिस्मा न घेतलेल्या सुनेने हे करावं का, ही चुटपुट सकाळपासून मनाला लागली आहे, म्हणून लिहायला बसले.

तुमच्या घरची ही रीत मला लग्नानंतर कळली. पप्पा देवबापाशी बोलणार, अमोल प्रभू येशूशी, तुम्ही पवित्र आत्म्याशी, आणि शेवटचं आमेन सगळ्यांचं एकत्र. अमोल लहान असल्यापासून नगरला हे असंच चालायचं म्हणे. इथे परदेशी, न्यू लिनला आमच्याकडे राहायला आलात तेव्हा बॅगा उघडायच्या आधी तुम्ही प्रार्थना उरकून घेतलीत! मी पुण्याच्या सोवळ्या घरातली. घरी असले तर सोफ्याच्या कडेला हात जोडून गप्प बसायची.

“म्हणजे आमचे दत्तगुरूच की!” मी पहिल्यांदा उत्साहाने म्हणाले होते. किती हसलात!

“दत्तगुरू तुझे, त्यांना तसंच राहू दे. त्यांचे कपडे आमच्या देवाला घालू नकोस गं.”

मग मी इंजिनिअरचं डोकं चालवलं. पाणी, बर्फ, वाफ. तुम्ही मेथी निवडत होतात. “बर्फ झाला की ते पाणी राहिलं नाही ना? माझे बाप, पुत्र आणि आत्मा एकाच वेळी आहेत. एकमेकांवर प्रेम करतात. तरी देव एकच.”

मग हे आहे तरी काय, मम्मी? मी चिडलेच होते.

“मला तरी कुठे सगळं कळलंय? एवढं धरून ठेव, देव कधीच एकटा नव्हता. जग नव्हतं तेव्हासुद्धा.”

खरं सांगू? तुम्ही गेल्यावर मला या वाक्याचा फार राग आला. देवाला सोबत आहे, बरं आहे त्याचं! पण पप्पांचं काय? सुरुवातीला ते आपला भाग म्हणायचे, मग अमोल म्हणायचा, आणि मग दोघं तुमच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत थांबायचे. ती शांतता कोणालाच सोसेना. एक दिवस पप्पा ताट घेऊन खोलीत गेले आणि प्रार्थना बंद पडली. गेल्या आठवड्यात म्हणाले, “माझं नगरचं तिकीट काढ, अमोल. तिथे निदान एकटं राहायची सवय तरी होईल.” असं कोणी बोलतं का हो? अमोल गॅरेजमध्ये जाऊन रडला. तुम्ही असतात तर दोघांनाही दटावलं असतं.

काल मी ऑफिसमधून लवकर निघाले आणि पप्पांच्या दाराशी जाऊन उभी राहिले. “पप्पा, प्रार्थनेला चला.”

“तिचा भाग कोण म्हणणार?”

“मी प्रयत्न करते.”

ते उठले. आणि आले.

त्यांचं झालं, अमोलचं झालं. मी डोळे मिटले आणि शनिवार-रविवारी ऐकून ऐकून पाठ झालेलं म्हटलं: पवित्र आत्म्या, आमच्यात राहा, आम्हाला एकमेकांत राहू दे. संपलं असं वाटून मी थांबले, तर आपली रिया म्हणते, “मम, यू मिस्ड द मोटरवे बिट!”

मोटरवे? मला काहीच कळेना.

पप्पांनी सांगितलं. “तू ईस्ट टामाकीच्या ऑफिसमधून यायची असलीस की ती शेवटी म्हणायची. गौरी अजून रस्त्यावर आहे, तिच्या शेजारी बस, तिला एकटं येऊ देऊ नकोस. रोज म्हणायची. तू घरी असलीस की गरज नसायची.”

मम्मी! इतकी वर्षं? मी मोटरवेवर ट्रॅफिकला शिव्या घालत असायची, आणि इकडे तुम्ही माझं नाव घेत होतात! मला एकदा तरी सांगायचं होतं ना. मी जेवणाच्या टेबलावर डोकं टेकून रडले, आणि पप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग जेवायला ते आमच्यातच बसले. भाजीत मीठ कमी आहे म्हणाले, तेही बरं वाटलं.

तिकिटाचं अजून ठरलेलं नाही. ते गेलेच, तर त्यांच्या दुपारी आणि आमच्या संध्याकाळी फोन लावून प्रार्थना करू.

तुमच्याशी खोटं बोलणार नाही. तिघांमध्ये एकच देव कसा, हे मला अजून उमगलेलं नाही, आणि उद्या उमगेल असंही म्हणत नाही. पण एक वचन देते. मी या घरात आहे तोवर पप्पांना एकट्याने आमेन म्हणावं लागणार नाही.

तुमची सून,
गौरी