मागच्या पायरीवरचा सेज

३ फेब्रुवारी

चि. बारकीस,

अनेक आशीर्वाद. इकडे मी, तुझे बंधुराज आणि भट्टी असे तिघेही ठीक आहोत. तिघांत सगळ्यात जास्त तापलेलं कोण, ते पुढे वाच.

पाळी गेली तेव्हा सुटले बाई एकदाची, म्हणून हरखले होते. कसलं काय! आगीतून फुफाट्यात. छातीतून झळ उठते ती थेट कानशिलांपर्यंत, आणि मग घाम असा की कपडे पिळून घ्यावेत. परवा पहाटे मी ओरडले, की आच कमी करा, पाव करपतील. ह्यांनी अगदी शांतपणे सांगितलं, की भट्टी अजून पेटवलेलीच नाही.

हसू नकोस. गेल्या आठवड्यात झळ आली तशी भोवळही आली आणि पावांचा अख्खा ट्रे हातातून सुटला. जमिनीवर बसून रडले गं मी. त्यात तो कारखान्याच्या पावाचा एजंट दोनदा येऊन गेलाय. भट्टी बंद करा, आमची गाडी रोज माल टाकेल, तुम्ही फक्त काउंटर सांभाळा, असं त्याचं म्हणणं. हे होही म्हणत नाहीत आणि नाहीही म्हणत नाहीत, पण त्याला बसवून चहा पाजतात. माझ्या नजरेतून ते सुटत नाही. पाव आतबाहेर करायची लांब दांड्याची फळी सासूबाईंनी माझ्या हातात दिली, तेव्हा मी या घरात नवीन होते. ती कोपऱ्यात उभी करून ठेवायची माझी तयारी नाही. पण उन्हाळ्यापर्यंत असंच चाललं तर एजंटाला हो म्हणायचं, असं ठरवून टाकलंय.

आता कामाचं. गाण्याच्या बाई आपल्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांनी सेज नावाच्या पाल्याच्या कॅप्सूलची बाटली दाखवली. त्यावर लिहिलंय, गरमीचे झटके जातात, घाम जातो, घसा सुधारतो, स्मरणशक्ती वाढते, कोलेस्टेरॉल उतरतं. लग्न जमवायचं तेवढं राहिलंय. तू एवढी औषधांच्या दुकानात जन्म काढतेस, तर खरं काय ते कळव. रोपवाटिकेवाला त्याचं रोपही आणून देतो म्हणालाय.

लोभ ठेव, आणि उत्तराला उशीर लावू नकोस.

तुझी,
वहिनी


१२ फेब्रुवारी

ती. वहिनीस,

साष्टांग नमस्कार. पत्र वाचून आधी पोट धरून हसले, मग ट्रेपाशी आले आणि हसू पळालं. इतकं होईपर्यंत गप्प का बसलीस?

दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत सेजवर सापडेल ते वाचलं. गरमीच्या झटक्यांवर थोडे अभ्यास झालेत. काहींत बायकांचे झटके कमी झाले, जोरही उतरला. पण अभ्यास लहान, मोजक्या बायकांवर, काही आठवड्यांपुरते. काहींत तर तुलनेसाठी औषध नसलेली खोटी गोळी घेणाऱ्या बायकाच नव्हत्या. आणि गंमत बघ, जिथे त्या असतात तिथे नुसती खोटी गोळी घेऊनही त्यांना बराच आराम पडतो. मग सेजचा गुण किती आणि बाकीच्याचा किती, हे सांगायचं कसं? स्मरणशक्ती, कोलेस्टेरॉल, तिथेही तेच. आशा आहे, खात्री नाही. बाटलीवरचा उरलेला मजकूर हा छापणाऱ्याचा उत्साह.

वाईट बाजूही ऐक. सेजमध्ये एक द्रव्य असतं, ते फार पोटात गेलं तर फिट येऊ शकते. म्हणून त्याचं तेल आणि कडक अर्क यांच्या वाटेला जायचं नाही. शिवाय सेजने साखर उतरू शकते आणि तू आधीच मधुमेहाची गोळी घेतेस. तेव्हा कॅप्सूल नकोच. अधूनमधून कपभर हलका चहा चालेल का, ते डॉक्टरांना विचार. भोवळीचंही सांग. या झटक्यांवर चांगली सिद्ध झालेली औषधंही आहेत, तीही विचार. लाजू नकोस, डॉक्टरांना हे रोजचंच असतं.

दादाला मात्र स्मरणशक्तीसाठी द्यायला हरकत नाही. माझा वाढदिवस होऊन गेला, त्याला पत्ताच नाही.

माया अशीच राहू दे.

तुझी,
बारकी


२० मार्च

चि. बारकीस,

अनेक आशीर्वाद. पोरी, गुण आला!

डॉक्टरांनी भोवळीसाठी तपासलं, घाबरण्यासारखं काही नाही म्हणाले. साखर तपासत राहा आणि कपभर चहा प्या, एवढीच परवानगी दिली. रोपवाटिकेवाल्याने रोप दिलं आणि पथ्यही सांगितलं. ऐन कामात घटाघटा प्यायचा नाही, गार जागी बसून घोट घोट घ्यायचा. म्हणून ट्रे आत गेले की मी मागच्या पायरीवर जाऊन बसते. तिथे बोळातून छान वारा येतो. माझे सकाळचे कडक चहाही सुटले, पोटात जागा कुठे आहे?

तोवर भट्टीकडे तुझे बंधुराज. काय वर्णावं! पहिल्या दिवशी पावांची रांग करपवली, दुसऱ्या दिवशी स्वतःचं मनगट. फळी अशी धरतात, जणू होडी वल्हवतायत. पण आता बरं जमतंय.

झळा अजून येतात, पण पूर्वीसारख्या उभं जाळत नाहीत. भोवळ तर एकदाही आली नाही. तुझे ते अभ्यास असोत लहान, माझा अनुभव मोठा आहे! एजंट पुढच्या महिन्यात शेवटचं विचारायला येणार आहे. तेव्हा त्याला काय सांगायचं ते ह्या पाल्याने ठरवलं म्हण. पानं आणि फूल सोबत घातलंय. कसं लालभडक आहे बघ.

लोभ आहेच, तो वाढव.

तुझी,
वहिनी


२८ मार्च

ती. वहिनीस,

साष्टांग नमस्कार. हे पत्र पायरीवर बसूनच वाच, आणि तो चहा आजपासून बंद कर.

अगं, सेजचं फूल लालभडक नसतं, जांभळट निळं असतं. पान करडं, लव असलेलं, चुरगळलं की उग्र वास मारणारं. तू पाठवलंयस ते बागेत शोभेला लावायचं झाड. दोन्ही एकाच कुळातली, म्हणून रोपवाटिकेवाला फसला असेल. तू इतके दिवस बागेतली शोभा उकळून पीत होतीस! खात्रीसाठी आमच्या इथल्या वनस्पतिशास्त्राच्या बाईंनाही दाखवलं. फार विषारी नाही म्हणाल्या, पण हे प्यायचं झाड नव्हे. डॉक्टरांना मात्र कळव.

आता हिरमुसू नकोस. आराम पडला तो खोटा नाही, फक्त तो सेजचा नव्हता. म्हणूनच तर अभ्यासात खोट्या गोळीवाल्या बायका लागतात. आमच्या घरातली ती बाई तूच निघालीस. मग बदललं काय, ते बघ. कडक चहा सुटले. वारा मिळाला. आणि ऐन तापल्या वेळी भट्टीसमोर तू नव्हतीस, दादा होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, वहिनी! थोडं आपोआपही उतरलं असेल. त्यातलं जे हातात आहे ते सोडू नकोस.

खऱ्या सेजचं रोप पाठवतेय, पण ते स्वयंपाकापुरतं.

रागावू नकोस, तुझीच आहे.

बारकी


१९ एप्रिल

चि. बारकीस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आलं आणि आधी रोपवाटिकेवाल्याला त्याच्याच कुंडीत पुरावंसं वाटलं. मग पालाच खोटा, म्हणजे आता झळा पुन्हा येणार आणि भट्टी जाणार, असंच मनाने घेतलं. पत्र ह्यांच्यासमोर टाकलं आणि तोंड फिरवून कणीक तिंबत बसले.

ह्यांनी ते वाचलं. ट्रे आत गेल्यावर फळी उचलली आणि मला म्हणाले, की वेळ झाली, जा पायरीवर. मी म्हटलं, आता चहा कुठे आहे? तर म्हणाले, की रिकामी बस, मी आहे ना.

एजंट आला तेव्हा हे पिठाने पांढरे होऊन बाहेर आले. उभ्या उभ्याच त्याला सांगितलं, की भट्टी चालू राहणार, आता तिथे दोन माणसं आहेत. त्याला बस म्हटलं नाही, चहाचं नावही काढलं नाही. नंतर मी विचारलं, मग इतके दिवस त्याला चहा कशाला पाजत होता? तर म्हणतात, की मला वाटलं तुला सुटका हवी आहे, आणि फळीला तू मला कधी हात लावू दिलास का?

डॉक्टरांनी लाल झाडाचं ऐकलं आणि खो खो हसले. झळा वाढल्या तर औषध देऊ म्हणाले, ते मनात ठेवलंय. तुझं रोप पोचलं. त्याचं एकेक पान पावावर लावून भाजते, गाण्याच्या बाई चार चार नेतात. लाल झाडही पायरीवरच ठेवलंय, बिचाऱ्याचा काय दोष?

परवा अशीच बसले होते. आतून हे ओरडले, की बाई गं, ही केवढी आग, इतकी वर्षं तू इथे उभी तरी कशी राहिलीस? लग्नाला एवढी वर्षं झाली, पण हे त्यांनी पहिल्यांदाच विचारलं. चेहरा ओला झाला, आणि तो घाम नव्हता.

लोभाची आच अशीच राहू दे.

तुझी,
वहिनी

ता. क. मी दादा. आशीर्वाद. उशिराने का होईना, वाढदिवसाच्या शुभेच्छा. भाजल्यावर लावायचं मलम पाठव. मोठी ट्यूब पाठव, आता रोजचंच काम आहे.