केसांचा गिलावा

३ जानेवारी
नव्या गावात पोचलो. खोली हवेशीर आहे आणि समोरच कामाची जागा. रस्ता रुंद होणार म्हणून नदीपलीकडचं दीडशे वर्षांचं धान्याचं लाकडी कोठार सुटं करून इथे पुन्हा उभं करताहेत. प्रत्येक तुळईवर क्रमांक घातला आहे. जोडणी यादीप्रमाणे होते की नाही, हे मी पाहायचं. पुढे गावची समिती इथे म्हाताऱ्या मंडळींसाठी बसायची जागा करणार. आमच्या हिला आवडलं असतं. ती जाऊन चार महिने झाले.

११ जानेवारी
सांगाडा उभा राहिला, एकही तुळई चुकली नाही. आता भिंती. जुन्या गिलाव्यात केस सापडले. मिस्त्री म्हणाला, साहेब, भिंतीचंही माणसासारखंच, टक्कल पडलं की तडे जातात. चुन्यात केस कालवले की गिलावा धरून राहतो म्हणे. न्हाव्याकडून दोन पोती आणली आहेत.

१२ जानेवारी
चुन्याच्या हौदात हिची वेणी टाकली. आजारपणात कापली होती, तेव्हापासून ट्रंकेत होती. शेवटी तिच्या डोक्यावर फोड आले होते. वास यायचा. मी दारातूनच चौकशी करायचो. जवळ बसा म्हणायची, तेव्हा कामाचं निमित्त सांगायचो. निदान इथे तिच्याजवळ माणसं बसतील. कोणाला बोललो नाही.

२४ जानेवारी
गिलावा सुकला. पण उत्तरेकडची भिंत तुकतुकीत दिसते. हात लावला तर तेलकट. मिस्त्री म्हणाला, चुन्याला घाम फुटलाय. दोनदा साबण लावूनही बोटांचा वास जाईना. पहिला घास तोंडाशी नेला आणि ताटावरून उठलो.

२९ जानेवारी
भिंतीवर लव आली आहे. कोंडाही. पुसलं तर फडक्याला पिवळं, चिकट. समितीच्या बाईंना म्हटलं, उद्घाटन पुढे ढकला. त्या हसल्या. म्हणाल्या, दादा, बुरशीला काय घाबरता, वरून रंग मारा. लांब बाक नेमका त्याच भिंतीला लावला आहे. म्हातारी माणसं डोकं टेकणारच.

३१ जानेवारी
रंग दिला होता. सकाळी त्यातून फोड वर आले. एक फुटला. तोच वास. दारापर्यंतही पोचलो नाही, तिथेच ओकलो.

२ फेब्रुवारी, सकाळी सात
दहाला उद्घाटन. त्याआधी सगळं खरवडून काढायचं ठरवलं. थापी लावली — भिंत आक्रसली. दुखऱ्या डोक्याला हात लागावा तशी. पुढे हात चालेना. नाक न दाबता बाकावर बसलो. टेकलो.

पावणेदहा
कोमट. ओलं. केस मानेभोवती — मग कपाळावरून — सुटत नाही. उजवा हात मोकळा म्हणून लिहितो आहे. ओरडलो तर तोंडात शिरतात —

मंडळी आत आली. कोणालाच मी दिसत नाही, इतके केस —

एक आजोबा काठी टेकत आले. माझ्यावरच टेकून बसले. बाईंना म्हणाले, वा, भिंत कशी मऊ आहे, अगदी ऊबदा—