मागे टाकी नव्हती

११ जानेवारी, अंदमान

आज मासा लागला, पण डोक्यात घोळतेय ती आमच्या सोसायटीची पाण्याची टाकी. पिंपळे सौदागरच्या गच्चीवर वर्षभर गळ फेकायचा सराव केला. दोरी टाकीला अडकायची, म्हणून हात मागे अर्धाच न्यायचा. इथे गुडघाभर समुद्रातही तेच. गळाला बांधलेली पिसांची खोटी माशी आपली पायाशीच पडायची.

शेवटी बायको काठावरून ओरडली, "अहो, मागे टाकी नाहीये."

वळून पाहिलं. खरंच, नुसतं आभाळ. हात पूर्ण मागे नेला आणि दोरी सणसणत लांब गेली. थोड्या वेळात मासा लागला; तो ओढ घेत होता आणि मी एकटाच हसत होतो. हातात धरला, मग सोडून दिला.

परवापासून चाकणला फर्स्ट शिफ्ट. हा हात आता त्या गच्चीवर मावायचा नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये टाकी हलवायचा विषय काढावा का?