धोंडा आला आणि गेला

आष्टा,
रविवार, ता. १२ डिसेंबर १९७६

अहो,

नमस्कार पोचावा. इकडं माहेरी सगळी खुशाल. तिकडची खुशाली विचारत नाही, ती मला परस्पर कळली. कशी ते पुढं लिहिते, आधी राग जरा निवू दे.

दादांच्या शाळेला सहामाहीची सुट्टी होऊन गेली. आईचा गुडघा थंडीनं धरलाय. लेक तुमची बरी आहे. अंगावर पिते, खुदकन हसते, आणि मूठ अशी आवळते की माझं बोट सोडवून घ्यावं लागतं. ऐन दिवाळीच्या तोंडावर झाली तेव्हा कुंडलहून तुमचे भाऊसो काका स्वतः पेढे घेऊन आले होते. "लक्ष्मी आली गं पोरी, लक्ष्मी!" म्हणत होते. त्याच काकांनी महिन्याभरात त्या लक्ष्मीची अवदसा केली.

झालं काय, तर पेपरात चार ओळींची बातमी आली. आभाळातला एक लहानसा धोंडा पृथ्वीच्या जवळून गेला. जवळून म्हणजे किती? चंद्र आहे ना, त्याच्या तिप्पट लांबून. आणि गेला कधी, तर आपली लेक जन्मली त्या दिवशी. तो निघून गेल्यावर शास्त्रज्ञांना दिसला म्हणे! ज्यांचं कामच आभाळ बघायचं, त्यांना आधी दिसला नाही. पण भाऊसो काकांना कुंडलच्या पारावर बसून त्यातला दोष बरोबर दिसला.

मूळ नक्षत्रावरच्या पोराचं तोंड बापानं बघायचं नसतं, मुळाची शांत होईपर्यंत. हे मलाही माहीत आहे. पण जोशीबुवांनी पंचांग उघडून सांगितलं, मूळ नाही, आश्लेषा नाही, काही नाही. तर काका म्हणाले, "पंचांगात नसंल, पर पेपरात हाय न्हवं? ह्यो तर मुळापरीस लय वंगाळ. आन् ह्याची शांत कुटल्याच पोथीत न्हाई." म्हणजे मुळाचा दोष तरी सत्ताविसाव्या दिवशी फिटतो. आमच्या पोरीचा जन्मभर फिटायचा नाही!

मी बाळंतीण, तरी गप्प बसले नाही. म्हटलं, "काका, मळणीला बैल तिवड्याच्या खांबाभोवती फिरतो, तशी पृथ्वी सूर्याभोवती फिरते. एखादं कुत्रं पण आपल्या नादात खळ्यातनं फेरी मारून जातं. त्याची वाट वेगळी, बैलाची वेगळी. कुत्रं बैलाजवळनं गेलं, म्हणून घरातल्या पोरीला दोष लागतो व्हय? ह्या धोंड्याची फेरी तर वर्षाच्या आतच पुरी होते. तो असाच फिरत राहणार. दर खेपेला कुणाकुणाच्या लेकी टाकून देणार?" काका म्हणाले, "तू शिकल्याली हाईस बाई. पर आमचा गडी बंदुकीम्होरं हाय. त्येच्या जिवावर न्हाई खेळायचं."

एकाहत्तरच्या लढाईत तुमची तार येईना, तेव्हा भिंतीला टेकून बसलेली मीच होते ना? तुमच्या जिवाची काळजी काय त्यांनाच?

तुम्ही रजेवर येणार म्हणून बारसं सव्वा महिन्यावर ढकललं. पाळणा सजवला, घुगऱ्या शिजवल्या. तुम्ही आला नाहीत, म्हटलं रजा लांबली असेल. साताऱ्याहून शालूबाई वन्संचा निरोप आला, काका म्हणतात तर येत नाही. आता नाव ठेवायचं ते आत्यानं. आत्याच नाही म्हटल्यावर कानात नाव कोण सांगणार? बायका घुगऱ्या खाऊन गेल्या आणि पोर बिननावाची राहिली.

मी मनात म्हणत होते, ह्यांना कळलं की हे हसतील. तारायंत्रावर बसणारा माणूस. लग्नानंतर पहिल्या रजेत कुंडलच्या माळावर मला व्याध कुठला, सप्तर्षी कुठले, ते तुम्हीच दाखवलंत. म्हणाला होतात, "ती आपल्या वाटेनं चालत्यात, त्यांना आपलं नावगाव ठावं न्हाई."

मग गेल्या सोमवारी कृष्णात भाऊजी दारात आले. हातात पिवळा फ्रॉक आणि कँटीनची बिस्किटं. तुमच्याच पलटणीतला माणूस, मला वाटलं तुम्ही दिलेलं लांबून घेऊन आले. मी चहा ठेवला. त्यांनी कप तसाच बाजूला सारला. शेवटी म्हणाले, "वहिनी, खोटं बोलवत न्हाई. मानसिंग साताऱ्याला भनीकडं आठ दिस हुता. आज माझ्यासंगं हितल्या स्टँडपतोर आलता. म्हनला, तू म्होरं जा, मी थांबतो. मी बघतोय तंवर सातारा गाडीत बसला की गडी!"

स्टँडपर्यंत. आमच्या दारापासून हाकेच्या अंतरावर. मी तशीच पोरीला घेऊन धावले. गाडी गेली होती. कंडक्टर-ड्रायव्हर, पेरूवाल्या बायका सगळ्यांनी तुम्हाला बघितलं होतं. एक मीच नाही, आणि ही.

खरं सांगते, त्या धोंड्यावर माझा राग नाही. त्याला डोळे नाहीत, त्याला वाट बदलता येत नाही. तुम्हाला येत होती. जीव जाईल म्हणून भ्यालात? गोळ्यांपुढं उभे राहिलात आणि हातभर पोरीच्या तोंडाला भ्यालात! लाज वाटते मला, आणि ती कुणाला दाखवता येत नाही म्हणून आणखी राग येतो.

काल दादांबरोबर सांगलीला जाऊन तिचा फोटो काढला. पिवळा फ्रॉक घातलाय. ह्या पाकिटात तो उलटा ठेवलाय. पाठीवर मी तिचं नाव लिहिलंय. ते तुमच्या गेलेल्या आईचं आहे. लिहिता आलं. पण सुनेनं सासूचं नाव तोंडानं घ्यायचं नसतं. पाळण्यावर वाकले, तिच्या कानाशी तोंड नेलं, आणि तशीच माघारी वळले. मी तिला नुसतं 'बया' म्हणते.

तेव्हा ह्या घरात तिला नावानं हाक मारणारं अजून कुणी नाही. आधी नाव वाचा. मग फोटो सुलटा करायचा का, ते तुमचं तुम्ही ठरवा.

तुमची वाट स्टँडवर न बघणारी,
विजयमाला