आईचं घर भाड्याने देणे आहे

६ मार्च

टाकली एकदाची जाहिरात! दोन खोल्या, स्वयंपाकघर, तळमजला, भरपूर उजेड. "भरपूर उजेड" हे दादाचं. दूरच्या शहरात बसून त्याला आईच्या घरातला उजेड दिसतो. भाडं आलं की आईजवळ दिवसभर बसायला बाई ठेवायची, असा त्याचा हिशेब. हिशेब बरोबर आहे. म्हणूनच जास्त राग येतो.

फोटो काढायला सकाळी एकटीच गेले. साइटवर सूचना होत्या — सगळे दिवे लावा, कमोडचं झाकण बंद ठेवा, घरातल्यांच्या वस्तू दिसू देऊ नका. आईची औषधं, जुने चष्मे, बाबांचा फोटो, सगळं चादरीत बांधून कपाटात कोंबलं. आणि घर खरंच छान दिसायला लागलं! रडूच आलं मेलं.

आईला सांगितलेलं नाही. ती आमच्या बाहेरच्या खोलीत सोफ्यावर झोपते आणि रोज विचारते, मला घरी कधी सोडतेस? मी म्हणते, पायांत जोर येऊ दे. डॉक्टर म्हणालेत, एकटीने राहणं आता विसरा. दुसऱ्यांदा पडली तेव्हा गॅस चालू होता. हे मी स्वतःलाच पुन्हा पुन्हा सांगते.

८ मार्च

चौकशाच चौकशा. निम्म्यांना फक्त "कमी किती करणार?" एवढंच हवंय. एकाने विचारलं, पंखे ठेवणार की काढून नेणार. दुसऱ्याने घराचं काहीच न विचारता माझं लग्न झालंय का ते विचारलं. पन्नाशी उलटली रे बाबा! ब्लॉक केला.

९ मार्च

आज कुणीच नाही.

१२ मार्च

दातांच्या दवाखान्यात मी रिसेप्शनला, आणि दिवसभर हा फोन. शेवटी डॉक्टर बाहेर आले. "पेशंट आत तोंड उघडून बसलाय, आणि तुम्ही इथे घर विकताय?" भाड्याने देतेय, म्हटलं मी. हसले ते, पण लागलंच मला.

संध्याकाळी एक जोडपं घर बघून गेलं. सगळं आवडलं. मग बाथरूममध्ये आईसाठी बसवलेले दांडे दिसले. बाईने विचारलं, इथे कुणी आजारी होतं का? गेलं का? म्हटलं, नाही हो, आई माझी चांगली आहे, माझ्याकडेच असते. तरी तिने नवऱ्याकडे पाहिलंच. कळवतो म्हणून गेले. कळवतात कसले!

कुलूप लावताना मलाच क्षणभर वाटलं, आई खरंच गेली. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

१५ मार्च

दादा म्हणजे कमाल आहे! जाहिरात घरच्यांच्या ग्रुपवर टाकली — "ओळखीत कुणी चांगलं असेल तर सांगा." अरे गाढवा, आई आहे ना त्या ग्रुपवर! फोन करून इतकी ओरडले की नवरा स्वयंपाकघरातून धावत आला. दादाने लगेच काढून टाकली. म्हणाला, आई कुठे बघते ते? पण तोवर मावशीचा अंगठा येऊन गेला होता.

आई जेवताना एवढंच म्हणाली, मीठ कमी पडलंय. पाहिलं नसावं. देव पावला.

१९ मार्च

मिळाले भाडेकरू. दोघी बहिणी, दोघी शिक्षिका. शांत, नीटनेटक्या. दांडे काढून देऊ का विचारलं, तर धाकटी म्हणाली, राहू देत, हिला लागतील लवकरच. थोरलीने तिला चापट मारली. कितीतरी दिवसांनी मी खळखळून हसले. रविवारी किल्ली न्यायला येणार आहेत.

नवरा म्हणाला, सुटलीस बाई! सुटले? चांगली माणसं मिळावीत म्हणून जिवाचं रान केलं, आणि मिळाल्यावर किल्लीच द्यावीशी वाटत नाही. वाईट माणसं येत होती तोवर निदान घर आईचं होतं. आता नाही म्हणायला काही कारणच उरलं नाही.

आईला सांगायचंय. उद्या. उद्या नक्की.

२० मार्च

नाही सांगितलं. भ्याड कुठली!

२१ मार्च

जाहिरात काढायला साइट उघडली. एक नवी चौकशी आली होती.

"एकटी बाई आहे. वय झालंय, पण घर स्वच्छ ठेवते. फारसं येणंजाणं नाही. मुलगा लांब असतो. मुलगी तिच्या संसारात आहे, तिचा त्रास होणार नाही. भाडं पेन्शनमधून वेळेवर देईन. राहायला कधी येऊ?"

नंबर आईचा.

ती बाहेरच्या खोलीत बसली आहे, फोन मांडीवर घेऊन.