मागितल्यापेक्षा जास्त

बालाजी, माझ्या दोस्ता,

सलाम. चार दिवस झाले, मी तुझ्यावर चिडून बसलोय. गेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात, पण तू कामच तसं करून ठेवलंस. तुझ्या त्या अमेरिकेतल्या बेसबॉलवाल्यांची मेल आली. इंटरनेटवरच्या लीगमधली तुझी टीम, 'निलंगा बुल्स', म्हणे वाऱ्यावर पडलीय. शुक्रवारपर्यंत खेळाडूंच्या पगाराचे आकडे भरा, न्हाईतर टीम दुसऱ्याला देऊन टाकू. मेल आली क्लासच्या पत्त्यावर, म्हणजे माझ्याच गळ्यात! आता तुला लिहू न्हाई तर कुणाला लिहू?

तू गेलास हे त्यांना ठाऊकच न्हाई. तिकडं तू अजून सुट्टीवर आहेस.

मला त्या खेळातलं ओ की ठो कळत न्हाई. खेळाडू खोटे, मैदान खोटं, सामना म्हणजे नुसते आकडे. तुझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं तिकडं जाऊन तुला यात ओढलं, आणि तू दुपारच्या दोन बॅचच्या मधे डबा उघडून ऑफिसातल्या कंप्युटरपुढं बसायला लागलास. भाकरीचा तुकडा हातात आणि नजर पडद्यावर. मी म्हणायचो, अरे निदान क्रिकेट तरी खेळ! तर म्हणायचास, क्रिकेटमधे भांडायला एवढे नियम न्हाईत.

बालाजी, आपली सुरुवात आठवते का? भूकंपाच्या वर्षी मंडपाचं सामान घेऊन मी त्या पत्र्याच्या शेडांत हिंडत होतो. एका शेडात तू पोरं जमवून गणित शिकवत होतास आणि पोरं ओल्या मातीवर बसली होती. मी सतरंज्या टाकल्या. भाडं किती विचारलंस, तर मी तुला शिवी दिली. तिथून आपला क्लास. सतरंजी माझी, अक्कल तुझी. पुढं लातुरात गल्लोगल्ली क्लास उगवले, चौकाचौकात सरांचे फ्लेक्स लागले, आपणही नांदेडला शाखा काढली. आठवड्यातून दोनदा तू एसटीनं नांदेडला जायचास. मालक मी झालो, सर तू राहिलास. हे नेमकं कधी झालं, मला आजही सांगता येत न्हाई.

आणि मग तुझा तो लवाद! खेळाडूला टीममधे तीन वर्षं झाली की तो पगारासाठी भांडू शकतो, पण सोडून जाऊ शकत न्हाई, हे तूच समजावलंस. खेळाडू एक आकडा सांगणार, मालक एक सांगणार, लवाद दोघांपैकी एकच उचलणार. मधलं काढायचं न्हाई. मी म्हणालो, हा कसला न्याय? आमच्या मंडपाच्या धंद्यात मधल्या आकड्यावर तर पोट चालतं! तू म्हणालास, मधलं निघणार न्हाई हे कळलं की दोघंही शुद्धीवर राहतात.

बस्स, दर वर्षी तुझ्या पगाराचंही तसंच सुरू. खडूच्या रिकाम्या डब्यात दोन चिठ्ठ्या, आणि लवाद म्हणून पुढच्या टेबलावर फीच्या पावत्या फाडणाऱ्या कमलताई. तुझा आकडा माझ्यापेक्षा थोडा वर असायचा. कमलताई डोळे मिटून विचार केल्याचं सोंग करायच्या आणि तुझाच उचलायच्या. मी खोटं खोटं बोंबलायचो. चहा माझ्याकडून.

पण त्या लीगच्या यंत्रात एक खोट होती. खेळाडूनं मागितल्यापेक्षा मालकानं जास्त आकडा टाकला, की यंत्र गोंधळायचं, आणि खेळाडूला मोकळं सोडून द्यायचं. पहिल्याच वर्षी तू दिलदारपणा करायला गेलास आणि तुझा तो लाडका गडी गेला, फलंदाजाच्या मागं उकिडवा बसून चेंडू झेलणारा. त्याला तू 'उकिडवा' म्हणायचास. दोन चांगले गडी देऊन त्याला परत आणलास. तेव्हा मी किती हसलो होतो! जास्त दिलं म्हणून माणूस जातो, असं कुठं असतं का?

आता ते सांगतो जे तुझ्यापुढं सांगायची हिंमत झाली न्हाई.

मागच्या वर्षी मी तुला सांगितलं तसा बाकांचं लाकूड बघायला नांदेडला गेलो न्हवतो. तिथल्या एका तरुण सरांना भेटायला गेलो होतो. पोरं त्यांच्यामागं पळत होती, आणि तू दम लागून फळ्यापाशीच थांबायला लागला होतास. मी त्यांना लातूरला, आपल्या क्लासात यायला सांगून आलो. तुझ्या सगळ्या मोठ्या बॅच त्यांना. परत येताना गाडीत मला स्वतःची लाज वाटत होती. म्हणून त्या वर्षी चिठ्ठीवर आकडा टाकताना मी हात सैल सोडला.

कमलताईंनी दोन्ही चिठ्ठ्या उलगडल्या आणि गोंधळून गेल्या. "सर, तुमचाच आकडा कमी हाय. आता मी कुणाचा धरू?"

तुझा आकडा नुसता माझ्यापेक्षा न्हाई, आदल्या वर्षापेक्षाही कमी होता. मी हसलो. तू हसला न्हाईस.

"म्हणजे मोकळं केलंस, मुनीर."

मला वाटलं, चेष्टा करायलास. न्हाई, खोटं बोलतो. मला वाटलं न्हाई. मला तसं वाटून घ्यायचं होतं.

पंधरा दिवसांनी सकाळी दात घासता घासता तू पडलास. तेव्हापासून मी एकच कोडं घेऊन फिरतोय. तू कमी का लिहिलंस? राग होता का? मला नांदेडचं कळलं, हे दाखवायचं होतं का? कुणी सांगितलं तुला? ते नवे सर आले, बालाजी. चांगले आहेत, मला 'चाचा' म्हणतात. त्यांच्यावर धड रागवताही येत न्हाई.

काल माझी लेक सना शेजारी बसली, आणि मी तुझ्या बुल्सचे पगार भरायला घेतले. त्यांचे मिलियन, आपले लाख. स्वल्पविराम आपल्या सवयीनं टाकत गेलो आणि उकिडव्याच्या पुढं एक शून्य जास्त पडलं. सनानं दाखवलं तोवर बटण दाबून झालं होतं. मायला! डोकंच धरलं मी. ज्याच्यासाठी तू दोन गडी दिलेस, तो माझ्या हातून गेला म्हणून.

पण तो गेला न्हाई. पडद्यावर एक प्रश्न आला. सनानं वाचून दाखवला: मालक मागितल्यापेक्षा जास्त देतोय. खेळाडूला विचारलं, राहतोस की जातोस? आणि खाली उत्तर: राहतो.

हे कधीपासून, मी विचारलं. सनानं शोधून काढलं. नियम मागच्या वर्षी बदलला, आणि तो बदलायला लावणारं पत्र तुझं होतं. आपल्या चिठ्ठ्या उलगडल्या त्याच आठवड्यातलं. सनानं त्याचं मराठी करून सांगितलं, मी दोनदा सांगायला लावलं.

"कधी खेळाडू कमी मागतो, कारण काम थोडं कमी झालं तरी त्याला इथंच राहायचं असतं. कधी मालक जास्त देतो, कारण त्याला लाज वाटत असते. दोघांनाही सोडायचं नसतं. म्हणून यंत्रानं लगेच मोकळं करू नये. एकदा विचारावं."

बालाजी, हे तू अमेरिकेला कळवलंस. मधे एक भिंत होती आपल्या, माझ्या खोलीत का आला न्हाईस?

का तू आलाच होतास? त्या दिवशी चिठ्ठ्या उलगडून झाल्यावर तू कमलताईंच्या टेबलापाशी बराच वेळ उभा होतास. मला वाटलं, चहाची वाट बघायलास. म्हणून मी चहा सांगितला आणि निघून गेलो. यंत्राला जे विचारायला तू शिकवलंस, तेच मी विचारावं म्हणून उभा होतास ना? दोन शब्द होते रे. राहतोस का?

तुझी टीम मी कुणाला देत न्हाई. उकिडव्याला ते जास्तीचं शून्य सोसून ठेवीन, बुल्स तळाला गेले तरी चालतील. आणि डब्यात यंदा कमलताईंच्या पगाराची चिठ्ठी पडायची आहे, त्यांचे गुडघे आता क्लासचा जिना चढू देत न्हाईत, त्याही कमीच मागतील. माझी चिठ्ठी मी कोरी ठेवलीय. आकडा नंतर. आधी त्यांच्या टेबलापाशी जाऊन विचारीन, आणि उत्तर येईपर्यंत तिथून हलणार न्हाई.

तुझा, न विचारता निघून गेलेला,
मुनीर मंडपवाला