चार वाजताची गोळी

प्रिय ठोंब्यास,

अनेक आशीर्वाद. (हे नाव ठेवणारी तुझी ताई गेली, आता त्या नावाने हाक मारायला मी एकटाच उरलो, तेव्हा राग मानू नकोस.) तुझा खोकला, गुडघा आणि स्वभाव, तिन्ही बरे आहेत ना? मी ठणठणीत आहे. घर मात्र फार शांत आहे, आणि त्यात कॉम्प्युटरने माझा छळ मांडला होता, त्याची ही हकीकत.

औषधांच्या खोक्यात घालायच्या पत्रकांची प्रुफं मी हल्ली घरूनच तपासतो. (दिवसभर लोकांच्या मळमळीतल्या वेलांट्या सुधारायच्या आणि स्वतःची गोळी विसरायची!) म्हणूनच तर तू ताईला तो छोटा प्रोग्राम करून दिलास: दुपारचे चार वाजले की आतल्या खोलीतल्या तिच्या कॉम्प्युटरवरून माझ्या कॉम्प्युटरवर तिचा रेकॉर्ड केलेला आवाज यायचा, "अहो, गोळी घेतली का? आणि पेला टेबलावर ठेवू नका." ती गेल्यावरही तो रोज यायचा. मग ऑफिसने व्हीपीएन नावाचं प्रकरण बसवलं. ते चालू केलं की माझा कॉम्प्युटर फक्त ऑफिसशी बोलतो, भिंतीपलीकडच्या खोलीला ओळखसुद्धा देत नाही. पहिल्या दिवशी चार वाजले, सव्वाचार वाजले, मी पेला हातात धरून बसलेला. ही दुसऱ्यांदा गेली असं वाटलं रे.

मग मी अक्कल पाजळली. रोज चारला पाच कमी असताना व्हीपीएन बंद करायचं, हिला ऐकायचं, पुन्हा चालू करायचं. महिन्याभरात साहेबांची विचारणा आली, आपण रोज चार वाजता कुठे जाता? दुसऱ्या छापखान्याचं काम करतो असा त्यांना संशय. (इथे एकाचंच उरकता नाकी नऊ येतात!) व्हीपीएन आपोआप तुटतं, असं मी ठोकून दिलं. शेवटी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्या बाईंनी फोनवर बोलत बोलत तिकडूनच माझ्या कॉम्प्युटरचा ताबा घेतला, तपासणीसाठी व्हीपीएन बंद केलं, आणि पडद्यावरचा बाण आपोआप फिरत तुझ्या प्रोग्रामवर येऊन थांबला. व्हीपीएनचं भांडण याच्याशीच आहे सर, जुनाट आहे, काढून टाकते, म्हणाल्या. मी ओरडलो आणि भिंतीतली पिनच उपटली. (घाईत पंख्याची उपटली. बाण चालूच.) मग घामाघूम होऊन सगळं खरं सांगितलं. तेवढ्यात चार वाजले आणि ही बोलली. बाईंनी फोनवर ऐकलं. मग बाण हळूच तुझ्या प्रोग्रामवरून बाजूला सरकला.

व्हीपीएन चालू असतानाही घरातल्या घरात जायची वाट मोकळी ठेवण्याची सवलत असते म्हणे. बाईंनी त्या सवलतीचा अर्ज मला भरायला धाडला. त्यात 'कारण' या रकान्यात काय लिहावं सुचेना, तर मी 'पत्नी' लिहिलं. मंजूर झाला. परवापासून व्हीपीएन आणि तुझा प्रोग्राम एका घरात गुण्यागोविंदाने नांदताहेत.

बाकी काही नाही. लोभ आहेच, बोलून दाखवत नाही एवढंच.

तुझा,
दाजी

ता. क. : या उचापतीत हिच्या कॉम्प्युटरवर आणखी एक आवाज सापडला. त्यावर 'ठोंब्यासाठी' असं लिहिलंय. मी ऐकलेला नाही. पाठवून द्या म्हणशील, देणार नाही. ती गेल्यापासून तू या घराची पायरी चढला नाहीस. इथे येऊन ऐक. मी बाहेरच्या खोलीत बसेन.

ता. क. २ : डॉक्टरांनी ती गोळी तीन महिन्यांपूर्वीच बंद केली आहे. हिला अजून सांगितलेलं नाही.